साफ केलेलं रान

समुद्राकाठची आत्याची दीड एकर जागा म्हणजे निव्वळ रान. नर्सची नोकरी करून एकटी राहिली, पण जागा काही विकली नाही. बाबांनी, म्हणजे तिच्या धाकट्या भावानं, किती डोकेफोड केली! तिचं उत्तर एकच : "माझ्या आधीपासून तिथं साळिंदर राहतंय. त्याला कुठे पाठवू?" शेवटी तिनं ती जागा एका निसर्गमंडळाला द्यायचं ठरवलं. प्राण्यांसाठी राखायची, एवढीच अट.

दानपत्रावर सही करायचा समारंभ तिथेच ठेवला होता. सकाळी मी तिला गाडीनं घेऊन गेले. फाटकातच कोणीतरी तिच्या हाती पुष्पगुच्छ देऊन फोटो काढला. आत पाऊल टाकलं आणि ती थिजलीच. खालची सगळी झुडपं कापून जाळलेली. घुबडांच्या ढोलीचं वाळकं झाड तोडलेलं, बुंध्यावर सरबताचे ग्लास. मधोमध मंडप, दाराशी सिमेंटचं हरीण.

मंडळाचे अध्यक्ष हात चोळत आले. "कसं वाटतंय, ताई? नुसता उकिरडा होता हो! आठ दिवस माणसं राबली."

"घुबडं कुठे गेली?"

"झाड वाळलेलं होतं, फोटोत वाईट दिसत होतं. आपण रंगीत खोपे टांगू ना!"

आत्या मागच्या बांधाकडे चालू लागली. साळिंदराच्या बिळात दगड-विटा कोंबल्या होत्या.

"पाहुण्यांचा पाय अडकेल म्हणून बुजवलं," मागून अध्यक्ष म्हणाले.

आत्यानं वाकून दोन विटा उपसल्या. आतून असा वास आला की मी तोंडाला ओढणी लावून बाजूला पळाले. माश्यांचा थवा उठला. उभा जन्म पू, रक्त, ओकाऱ्या साफ करणारी आत्या जागची हलली नाही. वळून अध्यक्षांकडे मात्र तिनं असं पाहिलं, जणू घासात झुरळ निघालंय.

"बुजवण्याआधी आत बघितलंत?"

त्यांनी रुमालानं नाक झाकलं. "अहो, एका जनावरासाठी..."

"ही जागा कोणासाठी देत होते मी?"

मंडपातून बाबा दानपत्राचे कागद घेऊन धावत आले. "ताई, लोकांसमोर तमाशा नको. सही कर आणि मोकळी हो."

"झाले मोकळी," म्हणत तिनं कागद फाडले. "मंडप उचला. आत्ताच्या आत्ता."

पुढे वकिलाकडे बसून तिनं नवा दस्त केला : तोड नाही, बांधकाम नाही, समारंभ तर नाहीच. देखरेख गावातल्या जीवशास्त्राच्या निवृत्त बाईंकडे. बाबा अजून तिच्याशी बोलत नाहीत.

आता झुडपं कमरेला लागतात. मुंगूस दिसतं, साप दिसतात. घुबडं मात्र आली नाहीत.

परवा मंडळाचा वार्षिक अहवाल पोस्टानं आला. मुखपृष्ठावर आत्या : फाटकात उभी, हातात पुष्पगुच्छ. खाली 'आमचे प्रेरणास्थान'.

"शी!" आत्या म्हणाली. अहवाल तिनं दोन बोटांनी उचलला आणि ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकला.