दहा काटे

आमच्या गावात सेवेची टंचाई नाही. अंगारकीला राजूरच्या गणपतीला पायी निघालेल्या माणसाला आमच्या हद्दीत तीन ठिकाणी साबुदाण्याची खिचडी मिळते, दोन ठिकाणी केळी मिळतात आणि एका ठिकाणी बीपी फुकट तपासून मिळतो. प्रत्येक सेवेच्या मागं फलक असतो. फलकावरचा सेवेकऱ्याचा फोटो खिचडीच्या कढईपेक्षा मोठा असतो.

बिनफलकाची सेवा एकच. रस्त्याकडेच्या लिंबाखाली कचरू बसतो आणि लोकांच्या पायातले काटे काढतो.

कचरू माझ्या वयाचा. जन्म मेंढरांमागं गेला. मेंढरांच्या खुरातले काटे काढता काढता हात असा बसला की काटा बाहेर आल्यावरच माणसाला कळावं. अंगारकीला माणसं नवसापोटी अनवाणी येतात आणि आमच्याकडं वेडी बाभूळ उदंड. तिचा काटा पायात मोडतो, मग घरच्या सेफ्टीपिनेला काही तो दाद देत नाही. कचरूजवळ सुई, चिमटा, उकळलेल्या पाण्याची बाटली आणि गोजरबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, धुऊन दिलेल्या चिंध्या असतात. वीस वर्षं झाली. पैसा घेत नाही, नारळ घेत नाही. अट एकच. काटा निघाला की त्या माणसानं रस्त्यावरचे दहा काटे वेचून कचरूच्या जुन्या तेलाच्या डब्यात टाकायचे आणि मगच पुढं जायचं. नऊ चालत नाहीत.

एवढा निःस्वार्थ माणूस गावात मोकळा फिरतोय, हे रामरावाला उशिरा का होईना दिसलं. रामराव आमचा माजी उपसरपंच आणि सध्याच्या सगळ्या समित्यांचा अध्यक्ष. त्यानं कचरूचा सत्कार ठरवला, आणि दिवस ठरवला तो अंगारकीचाच.

"त्या दिवशी मला येळ न्हाई, दादा," कचरू म्हणाला.

"अरे, सत्कार तुझा हाय!"

"मंग दुसऱ्या दिवशी करा की."

"दुसऱ्या दिवशी गर्दी कुठून आणू? आपले आमदार काकासाहेब येऊन राह्यले. दहा मिनिटांचं काम हाय, बिलकुल दहा मिनिटं."

कचरूनं माझ्याकडं पाहिलं. मी गोजरबाईकडं पाहिलं. ती म्हणाली, "जाऊन या. धुतलेलं धोतर काढून ठिवते. सकाळी सकाळी वच्छलाबाई येणार हायेत, तेवढं ध्यानात असू द्या."

वच्छलाबाई पिंपळगाव रेणुकाईकडची, सत्तरीची म्हातारी. पाच अंगारक्या अनवाणी करायचा नवस बोललेली. तिला शुगर आहे. मागच्या वर्षी पायात काटा गेला आणि तिनं तो घरीच पिनेनं कोरला. पाय सुजला, दवाखान्यात एक बोट काढावं लागलं. डॉक्टर म्हणाले, आता अनवाणी चालाल तर पाऊलच जाईल. ती म्हणाली, डॉक्टरनं सांगितलंय, गणपतीनं कुठं सांगितलंय? शेवटी कचरूनं तिच्याकडून एवढंच कबूल करून घेतलं की काटा गेला तर कोणाला हात लावू द्यायचा नाही, तसंच लिंबाखाली यायचं. ही तिची पाचवी अंगारकी होती.

आदल्या दिवशी मंडपवाले आले. गावात मोकळी जागा भरपूर आहे, पण सत्कार कचरूचा म्हणून स्टेज कचरूच्याच लिंबाखाली ठोकलं. त्याच्या बसायच्या जागेवर पाहुण्यांचा सोफा आला. तेलाचा डबा घाण दिसत होता, तो फेकून दिला. गाड्या लावायला जागा पुरेना, तेव्हा मागच्या वेड्या बाभळी तोडल्या आणि फांद्या ट्रॅक्टरला बांधून रस्त्याच्या कडेनं ओढत ओढत ओढ्यापर्यंत नेल्या. अर्धा किलोमीटर. त्याच कडेनं अनवाणी माणसं चालतात, हे ट्रॅक्टरवाल्याला कोणी सांगितलं नाही. तो तर बूट घालून होता.

सकाळी कचरू आला. रस्ता पाहून त्यानं एक काटा उचलून माझ्यापुढं धरला.

"संपत, हे कोणी केलं रे?"

"तुझ्या सत्कार समितीनं," मी म्हणालो.

तो तिथंच काटे वेचायला लागला. पंचवीस-तीस झाले असतील नसतील, तेवढ्यात छातीवर 'सेवा' छापलेले टी-शर्ट घातलेली पोरं आली आणि त्याला दोन्ही दंडांना धरून स्टेजवर घेऊन गेली. सुई-चिमट्याची झोळी फोटोत बरी दिसेना, म्हणून ती काढून घेऊन स्टेजखाली सरकवली. डोक्याला फेटा बांधला. स्टेजवर गणपतीची तसबीर होती, तेव्हा सगळ्यांनी पायताणं खाली काढली. पावित्र्यात आमचं गाव कमी पडत नाही.

मी साठीनंतर अक्षरं शिकलो. त्यामुळं फलक पुरता वाचल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. वर काकासाहेब, त्याखाली रामराव, मग सतरा शुभेच्छुक. कचरूचं नाव सापडलं ते तळाशी, मंडपवाल्याच्या मोबाइल नंबराच्या जरा वर.

काकासाहेबांची गाडी दोन तासांनी आली. तोवर रस्त्यानं येणारा दर तिसरा माणूस लंगडत होता. काटा गेलेली माणसं सवयीनं लिंबाखाली येत. समोर खुर्च्या मोकळ्या होत्या, तिथं बसून पाय मांडीवर घेत. रामराव वरून पाहून खूश झाला. "पाहा," तो माइकवर म्हणाला, "कचरूवरच्या प्रेमापोटी लोक स्वतःहून येऊन राह्यले!"

कचरू खुर्चीच्या कडेवर बसला होता, उन्हात बांधलेल्या मेंढरासारखा. शाल झाली, नारळ झाला, लाल मखमलीच्या डब्यातलं स्मृतिचिन्ह झालं. मग काकासाहेब उभे राहिले. निःस्वार्थ सेवा म्हणजे काय, हे ते सांगत होते. सेवेत वेळ पाहायचा नसतो, असं म्हणाले आणि तसंच बोलत राहिले.

तेवढ्यात दोन बायांच्या खांद्यावर हात टाकून वच्छलाबाई आली. उजवा पाय अधांतरी धरलेला. त्याच पायाचं बोट गेलेलं.

"कचरूभाऊ! काटा गेलाय. कोणाला हात लावू दिला न्हाई बरं!"

कचरू उठला. रामरावानं त्याचा खांदा दाबला. "बस. पाहुण्यांचं झाल्याबिगर उठायचं न्हाई." आणि माइक घेऊन तो म्हणाला, "मावशी, शांत बसा. कचरूच्या सेवेवरच बोलणं चालू हाय."

"बोलणं चालू दे की बाबा," वच्छलाबाई म्हणाली, "माणूस तेवढा खाली धाड!"

खुर्च्यांमध्ये हसू पसरलं. कचरूनं रामरावाचा हात खांद्यावरून उचलला आणि त्याच्याच गुडघ्यावर नीट ठेवून दिला.

"किती चाललीस त्याच्यावर?" त्यानं वरूनच विचारलं.

"ओढ्यापासून."

"म्हंजे आत मोडला असंल." तो पायऱ्या उतरला. फेटा तसाच डोक्यावर. स्टेजखाली हात घालून झोळी ओढली, अंगावरची शाल जमिनीवर अंथरली आणि तिच्यावर म्हातारीचं पाऊल घेतलं. बाटलीतलं पाणी ओतलं. मग सुई हातात घेतली आणि आम्हाला म्हणाला, "उजेड सोडा."

आम्ही बाजूला झालो. काकासाहेब बोलत होते, पण ऐकणाऱ्यांची तोंडं आता दुसरीकडं होती. हे त्यांच्यासारख्या अनुभवी माणसाच्या लगेच ध्यानात आलं. जिकडं लोक, तिकडं आपण, हे त्यांचं ब्रीद. हातातल्या माइकसकट तेही खाली आले. अनवाणी. तिसऱ्या पावलाला "आई गं!" अशी आरोळी चारी कर्ण्यांतून राजूरच्या दिशेनं गेली.

रामराव धावला. "कचरू, जल्दी! साहेबांचं आधी बघ!"

कचरूनं मान वर केली नाही. "लाईन हाय, दादा."

"अरे, साहेब हायेत!"

"साहेबांचा काटा ताजा हाय. हिचा मोडलाय, अन् हिला शुगर. हिच्यामागं ती चौदा माणसं. त्यांच्यामागं साहेब."

काकासाहेब सोळाव्या नंबरावर बसले. बसायला दुसरा उपायही नव्हता. त्यांचे दोन कार्यकर्ते पिन घेऊन पुढं झाले होते, पण त्यांचा आवेश पाहून साहेबांनी पाय पोटाशी घेतला.

वच्छलाबाईचा काटा निघायला बराच वेळ लागला. कचरूच्या कपाळावरचा घाम फेट्यात मुरत होता. एकदा टोक निसटलं, तेव्हा त्यानं सुई पुसली आणि डोळे मिटून क्षणभर नुसता बोटानं चाचपत राहिला. मग चिमट्यानं काटा धरला आणि अख्खा बाहेर काढला. रक्ताचा एक थेंब आला. कचरूनं जखम धुतली, चिंधी बांधली आणि तिला उरलेली बोटं हलवायला सांगितली. चारही हलली.

"आता गाडीनं दवाखान्यात जायचं. दाखवायचं."

"अन् नवस?"

"गणपतीला मी सांगतो. तुझ्यापेक्षा माझी वळख जास्त हाय."

"मंग माझे दहा काटे?"

डबा तर फेकला गेला होता. कचरूनं स्मृतिचिन्ह काढून जवळ उभ्या गोजरबाईच्या हातात दिलं आणि मखमलीचा डबा पुढं केला. म्हातारीनं बसल्या जागेवरून सरकत सरकत दहा काटे वेचले. मोजून टाकले आणि गेली.

त्यानंतर रांग चालू झाली. काटा निघालेला माणूस उठायचा आणि रस्त्याला लागायचा. दहा वेचून झाले तरी समोर अकरावा दिसायचा, मग तोही उचलायचा. टी-शर्टवाली पोरं थोडा वेळ फोटो काढत उभी राहिली. मग एकेकानं मोबाइल खिशात घातला आणि सगळी वाकली.

काकासाहेबांचा नंबर आला. काटा निमिषात निघाला. त्यांनी नमस्कार केला, चार काटे वेचले आणि गाडीकडं वळले.

"चार झाले, साहेब," कचरू म्हणाला.

ते परत आले. उरलेले सहा वेचेपर्यंत रामरावही लाजेकाजेनं वाकला होता. त्याला काटा गेला नव्हता, पण अध्यक्षाला काही कारण लागत नाही.

दुपारपर्यंत ओढ्यापर्यंतचा रस्ता साफ झाला.

दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली: 'काकासाहेबांनी राबवली काटेमुक्त मार्ग मोहीम'. फोटोत काकासाहेब वाकलेले. कोपऱ्यात मखमलीचा डबा धरलेला एक हात. मी ती बातमी कचरूला अक्षर अक्षर लावून वाचून दाखवली.

"वच्छलाबाईच्या पायाचं काय लिवलंय?"

"काही न्हाई."

"मंग ठिव तो पेपर. चिंध्या बांधायला कामी येईल."

रामराव आता तिथं कचरूच्या नावाची कमान उभारणार आहे. लिंब आड येतो म्हणून तोडायचं म्हणत होता. कचरू त्याला म्हणाला, "तोडा की. पण पुढच्या अंगारकीला माझ्या डोक्यावर सावली धरायला तुम्ही उभं राहायचं, दिवसभर." तेव्हापासून कमानीचा विचार चालू आहे.

आठव्या दिवशी वच्छलाबाई आली. एसटीतून उतरली ती पायात चपला घालून. कचरू मेंढरं घेऊन लिंबाखालीच होता. तिनं पाय पुढं केला. सूज नव्हती, जखम सुकली होती. त्यानं पाऊल दोन्ही हातांत धरून उलटंसुलटं पाहिलं आणि मग कुठं हसला.

"चपला कशा काय? गणपतीनं सांगितलं?"

"तूच सांगणार होतास न्हवं त्याला? मंग मी त्याचीच वाट बघत बसू का?"

बोलता बोलता ती वाकली, रस्त्याकडेचा एक काटा उचलला, कचरूजवळच्या मखमलीच्या डब्यात टाकला आणि दुसरा शोधायला लागली.

"आज काटा न्हाई गेला तुला, बाई," कचरू म्हणाला.

"माहीत हाय," ती म्हणाली. "तू मोज."