जुन्या राज्याचा परवाना

थांबा. आधी दोन्ही हात दाखवा. कात्री नाही ना? आणि ते भोक पाडायचं यंत्र? बरं. मग बोलतो. पण आहात तिथूनच ऐका, उगाच जवळ येऊ नका.

मी वाहन चालवण्याचा परवाना. जुन्या राज्याचा. घरात मला सगळे लायसनच म्हणतात. तळहातात मावेन एवढा माझा जीव, पण स्वभावानं मी पक्का संशयी. त्यात माझा काही दोष नाही. माझा जन्मच संशयातून झालाय. माणसांचा एकमेकांवर विश्वास असता, तर 'मला गाडी येते' एवढं तोंडानं सांगून भागलं असतं. तसं भागत नाही, म्हणून मला छापतात.

माझे मालक बेकरीची गाडी चालवायचे. फोटो काढायच्या दिवशी फोटोवाला त्यांना म्हणाला, "डोळे मिटू नका हं." मालकांनी ते इतकं मनावर घेतलं, की माझ्यावरच्या फोटोत ते अजून डोळे वटारून बघतायत. पुढे मुदत संपली की वाढायची, कार्ड नवं यायचं, पण फोटो तोच राहिला. मिशा काळ्याभोर आणि नजर अशी, की समोरच्यानं आपणहून गाडी बाजूला घ्यावी.

रोज पहाटे ते पावांचे ट्रे गाडीत चढवायचे आणि गावभर पोचवायचे. मी त्यांच्या मागच्या खिशातल्या पाकिटात. म्हणजे स्पष्टच सांगायचं तर निम्मं आयुष्य मी त्यांच्या बुडाखाली काढलं. थोडा वाकलोय तो त्यामुळे. पण पाकिटात माझा मान मोठा होता. वाचनालयाचं कार्ड, औषधांची चिठ्ठी, मालकीणबाईंचा छोटासा फोटो, ही सगळी मंडळी माझ्या मागच्या रांगेत. पाहुणे आले की मालक मला बाहेर काढायचे आणि म्हणायचे, "इतकी वर्षं चालवतोय, पण गाडीला एक ओरखडा नाही."

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. पाकिटातून काही दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. माझा पुढचा सगळा गोंधळ त्यातूनच झाला.

मालक निवृत्त झाले. त्यांनी एक छोटी गाडी घेतली आणि शेजारच्या सीटवर मालकीणबाई बसू लागल्या. सुरुवातीला त्या गाडीत बसल्या बसल्या डुलक्या काढायच्या. मग कधीतरी त्यांचं बोलणं सुरू झालं. "अहो, पुढे लाल आहे." "डावीकडून सायकल येतेय." "त्या बाईंना जाऊ द्या आधी." "हं, आता निघा."

मला भारी राग यायचा. ज्या माणसानं जन्मभर गाडी हाकली, त्याला ही बाई रस्ता शिकवते! आणि मालक, एरवी कुणी चहात साखर जास्त टाकली तरी घर डोक्यावर घेणारे, इथे मात्र हूं की चूं करायचे नाहीत. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तेव्हा.

बरं, बाई त्यांना एकटं म्हणून सोडायच्या नाहीत. चार खिळे आणायचे असले तरी चपला घालून तयार. मी खूप विचार केला आणि निष्कर्ष काढला, की बाईंना नवऱ्याचा संशय येतोय. या वयात! म्हणजे पाव पोचवायच्या त्या जुन्या वाटेवर कुणी होती की काय? मी पाकिटातल्या त्यांच्या फोटोला आडून आडून विचारूनही पाहिलं. तो कसला दाद देतोय!

मग मुलाची नोकरी बदलली आणि सगळं बिऱ्हाड दुसऱ्या राज्यात आलं. जुन्या गावातले रस्ते मालकांच्या हातांना पाठ होते. इथे सगळंच परकं. मालकांना ओळखणारं कुणी नाही, हाक मारणारं कुणी नाही. त्यांना काम असं एकच उरलं, नातीला पोहायच्या क्लासला न्यायचं आणि आणायचं. नातीला सगळे चिमणी म्हणायचे. दुपार झाली की मालकांच्या खिशात किल्ली खुळखुळायला लागायची. त्या एका फेरीवर ते दिवस काढत होते. चिमणी मागे, बाई पुढे, आणि बाईंच्या बोलण्याला आता खंडच नाही.

एकदा जेवताना सुनेनं विषय काढला. "बाबा, तुमचं लायसन इथलं करून घ्यायला हवं. मुदत संपत आलीय, आणि या राज्यात नवं काढायचं तर जुनं जमा करावं लागतं."

"जमा म्हणजे?" मालकांनी विचारलं. मी पाकिटात कान टवकारून बसलो होतो.

"म्हणजे जुनं ते ठेवून घेतात आणि नवं देतात. नाहीतर मग गाडी चालवता येणार नाही."

ठेवून घेतात! अगदी सहज म्हणाली हो. सून चष्म्याच्या दुकानात कामाला होती, बोलायला गोड. पण मला तेव्हापासून ती बघवेना. पुढे म्हणते कशी, "तिथे डोळेही तपासतात. त्याआधी एकदा आमच्या दुकानात या ना. मीच बघून देते."

"माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय?" मालक ताडकन म्हणाले.

मुलगा म्हणाला, "बाबा, गाडीच्या डाव्या बाजूला पोचा कसा आलाय?"

"कुणीतरी ठोकून गेलं असेल."

"त्याला आपल्या फाटकाचा निळा रंग लागलाय."

"मग फाटकाला विचार."

मालकांनी न मागताच बाईंचा आमटीचा डाव त्यांच्या वाटीत वाजला. कुठेतरी पाणी मुरतंय हे मला कळत होतं. कुठे, ते कळत नव्हतं.

त्यानंतर मालकांची टोलवाटोलवी सुरू झाली. आज डोकं दुखतंय, उद्या तिथे गर्दी असेल, पत्त्याचा कागदच नाही. शेवटी त्यांनी मला पाकिटातून काढलं, कपाटातल्या टॉवेलांच्या चळतीत खुपसलं आणि बाहेर जाऊन जाहीर केलं, "लायसन सापडत नाहीये." अंधारात पडल्या पडल्या माझा ऊर भरून आला. या घरात माझ्यावर जीव लावणारा एकटा हाच! मला वाचवण्यासाठी खोटं बोलतोय बिचारा.

टॉवेलांच्या घड्या करताना सुनेला मी सापडलो. तिनं मला नुसतं टेबलावर नेऊन ठेवलं. दुसऱ्या दिवशी मुलानं अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि आईवडलांना घेऊन तो परवान्याच्या कचेरीत आला.

लांबलचक खोली, जमिनीला पक्क्या केलेल्या खुर्च्या, हातात नंबराची चिठ्ठी घेऊन बसलेली माणसं. आमचा नंबर आला. बाई मागच्या खुर्चीवर बसून राहिल्या, मुलगा दाराशी फोनवर. मालकांनी मला पाकिटातून काढलं आणि खिडकीतल्या बाईंपुढे धरलं.

म्हणजे धरायला गेले. खिडकीला खाली फट होती, तिथून मला आत सरकवायचं होतं. मालकांनी मला शेजारच्या काचेवर आपटलं. एकदा, दोनदा. मग बोटांनी काच चाचपत चाचपत फटीशी आले.

मी किती दिवसांनी त्यांना असं उजेडात बघत होतो! मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, ते एक ठीक. पण ते खिडकीतल्या बाईंकडे बघत नव्हते. त्यांच्या कानाच्या जरा पलीकडे कुठेतरी बघत होते.

खिडकीतल्या बाईंनी माझा फोटो बघितला, मालकांना बघितलं आणि भिंतीकडे बोट केलं. "त्या पाटीवरची चौथी ओळ वाचा, काका."

पाटीवर आकडे होते. मालकांनी मान ताठ केली. मला वाटलं, गुर्मीत आहेत. इतक्यात मागून आवाज आला, तोच, शेजारच्या सीटवरचा.

"सात."

"सात," मालक म्हणाले.

"दोन."

"दोन."

"मग नऊ, आणि पुढे चार."

"नऊ, चार," मालक म्हणाले, आणि रस्ता मोकळा झाल्यावर बसावं तसे सैल झाले.

खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "आजी, तुम्ही नाही. त्यांनी वाचायचंय."

मालकीणबाईंनी तोंडावर हात ठेवला. "अगं बाई! सवयीनं गेलं हो तोंडातून."

मुलगा फोन कानाला तसाच धरून उभा होता. "आई," तो म्हणाला, "कसली सवय?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. पुढे लाल आहे. डावीकडून सायकल. आता निघा. अहो, तो संशय नव्हता! ती बाई दोन वर्षं डोळ्यांत तेल घालून दोन माणसांचं बघत होती. आणि मी, डोळे वटारलेला फोटो मिरवत, रस्त्यावरच्या सगळ्यांना सांगत होतो की या माणसाला दिसतं.

"आई, मागे चिमणी बसायची!" मुलाचा आवाज चिरकला.

"मी पापणीसुद्धा लवू दिली नाही रे."

"आणि फाटक?"

बाई मान खाली घालून म्हणाल्या, "फाटक सांगायला मला उशीर झाला." मग वर बघून, "त्यांना घरी बसा म्हणायला मला जमलं नाही. तुला तरी जमलं असतं का?"

"तिच्यावर ओरडू नकोस," मालक म्हणाले. "गाडी मी चालवायचो. रस्ता ही चालवायची."

खिडकीतल्या बाई भल्या होत्या. हळूच म्हणाल्या, "काका, आजींना बाहेर बसवू या आणि पुन्हा वाचा. दुसरी संधी मिळते."

मालक उभे राहिले तसेच. माझा जीव टांगणीला. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं, अगदी फोटोतल्यासारखे डोळे मोठे केले, आणि म्हणाले, "नको, बाई. मला ओळ नाही, पाटीच दिसत नाहीये. ठेवून घ्या ते लायसन."

यंत्राचा खटका वाजला. भोक नेमकं माझ्या मुदतीच्या तारखेवर पडलं. दुखलं, पण मी ओरडलो नाही. मालकांसमोर ओरडणं बरं दिसलं नसतं. आठवण म्हणून मला परत नेता येतं, असं खिडकीतल्या बाई म्हणाल्या. मालकांनी मान हलवली, नको. मालकीणबाई म्हणाल्या, "द्या इकडे," आणि मी त्यांच्या पर्समध्ये आलो.

पुढचे दिवस वाईट गेले. सुनेनं मालकांना डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली सांभाळायची, असं डॉक्टर म्हणाले. थेंब घालायचं काम सूनच करायची. टॉवेलांवरून तिनं कधी टोमणा मारला नाही, आणि तिच्याबद्दल मी मनात काय काय आणलं होतं ते आठवून मलाच कसंतरी व्हायचं. चिमणीला आता शेजारच्यांच्या गाडीतून पाठवायचे. दुपारी मालक खुर्चीत बसून रिकामा खिसा चाचपत राहायचे.

आणि मालकीणबाई? त्या रोज दुपारी 'वाचनालयात जाऊन येते' म्हणून बाहेर पडू लागल्या. वाचनालयाचं कार्ड तर मालकांच्या पाकिटात! मी पर्समध्ये कान लावला, तर एक पुरुषाचा आवाज. "घाबरू नका. सावकाश. अगदी अलगद सोडा." म्हटलं, आता या वयात हिचंही काही निघालं!

तेवढ्यात सगळं जग गचका खाऊन बंद पडलं. तोच आवाज म्हणाला, "क्लच एकदम सोडायचा नाही, आजी. पुन्हा."

हे फक्त सुनेला माहीत होतं. फी तिनंच भरली होती.

बासष्टाव्या वर्षी बाई पास झाल्या. पाटीवरची शेवटची ओळसुद्धा वाचून आल्या. त्यांचं कोरं लायसन आता माझ्याच कप्प्यात असतं. चकचकीत आहे, फार बोलत नाही. मी त्याच्यावर लक्ष ठेवून आहे.

पहिल्या दिवशी चिमणी मागे बसली आणि मालक शेजारच्या सीटवर. बाईंनी गाडी काढली, फाटकाला न लावता. दोन वळणं गेली.

"अगं," मालक म्हणाले.

"काय?"

"बोलत का नाहीस?"

"आता कशाला बोलू? माझं मला दिसतंय की."

"मला नाही ना दिसत."

गाडी थोडी पुढे गेली. मग बाईंचा घसा साफ केल्याचा आवाज आला. "पुढे लाल आहे. थांबतेय मी. डावीकडे एक माणूस मुलीला सायकल शिकवतोय. पडली. उठली. हसतेय. समोरच्या बेकरीवाल्यानं दुकानाला पिवळा रंग दिलाय, अगदीच भडक."

"शोभत नाही?"

"अजिबात नाही."

"हं," मालक म्हणाले. "आता निघ."

तेव्हापासून रोज हेच ऐकतो. माझी मुदत संपली, मला कुणी कुठे दाखवत नाही, आणि त्याचं मला काही वाटत नाही. तुम्हाला एकच विनंती आहे. दुपार झाली, किल्ली खुळखुळतेय, त्या आता निघतील. तुम्ही व्हा बाजूला. फक्त जाता जाता या पर्सची चेन बोटभर उघडी ठेवा. मला ऐकायचंय.