त्रेचाळीस नारळांचा खर्च

वीरप्पा मूळचा लोहाऱ्याचा, पण नोकरीनं भूमच्या बाजूला येऊन पडलेला. कचेरीत तो अहलकार होता, म्हणजे कारकूनच. पण कारकून म्हटलेलं त्याला आवडत नसे. निजामी अमदानीत, फसली सन तेराशे चोपन्नच्या थंडीत जनावरांच्या गणतीचा हुकूम सुटला आणि गणतीच्या खर्चाचं अंदाजपत्रक त्याच्या गळ्यात पडलं.

पाच दिवस तो त्याच्यावर बसून होता. गावं किती, एका माणसाच्या हातून दिवसात किती जनावरं मोजून होतील, बैलगाडीचं भाडं, भत्ता, कागद, शाई. निबा किती झिजतील हेसुद्धा त्यानं एक निब झिजवून पाहिलं. आकडा आला तीनशे बारा रुपये चार आणे. घरी त्यानं तो बायकोला, शांताक्काला, सगळा वाचून दाखवला. ती ज्वारी निवडत होती.

"माझ्या लग्नाच्या वेळी आमच्या अप्पांनीबी एवढा विचार केला न्हवता," ती म्हणाली. "केला असता तर बरं झालं असतं."

तहसीलदारसाहेबांनी कागद वरून खाली पाहिला. "वीरप्पा, किरकोळ खर्च कुठं आहे? रकाना कोरा आहे."

"साहेब, ज्याला आधी विचार करता येत न्हाय त्याला किरकोळ लागतं."

साहेब गालातल्या गालात हसले आणि त्यांनी सही केली.

पहिल्याच दिवशी वीरप्पा ईट गावाजवळच्या माळावर धनगरांच्या मेंढवाड्यावर गेला. तिथं बिरदेव आणि त्याची म्हातारी आई कोंडाबाई यांची मेंढरं बसली होती. वीरप्पानं बोट पुढं करून "एक, दोन" म्हणायला सुरुवात केली, तशी कोंडाबाई काठी आपटत आडवी आली.

"खबरदार! तोंडानं मोजू नका. दीठ लागती. माझ्या सासऱ्याच्या वक्ताला एकानं मोजली, आन् आठ दिसात निम्मा वाडा मेला."

"आजी, सरकारचा हुकूम आहे."

"सरकारला म्हणावं, तुझी तू मोज."

बिरदेवानं मग हळूच सांगितलं की आधी नारळ फोडून मेंढरांवरून उतरवला, तर आईचं मन वळंल. वीरप्पानं अंदाजपत्रक आठवलं. कागद होता, शाई होती, निबा होत्या. नारळ नव्हता. शेवटी त्यानं स्वतःच्या खिशातून दोन आणे काढून बिरदेवाला ईटच्या दुकानाकडं पिटाळलं.

नारळ फुटला, तरी आकडे म्हणायचे नाहीतच, असं म्हातारीनं बजावलं. मेंढरू वाघरीच्या तोंडातून, म्हणजे जाळीच्या वाटेतून, बाहेर पडेल तसं ती त्याचं नाव घेणार आणि वीरप्पानं नुसती रेघ ओढायची. "मोरी. कानी. बांडी. उनाड. हिची लेक." वीरप्पा रेघा ओढत राहिला. मधेच एक मेंढा वाटेत उभा राहिला. ना पुढं, ना मागं, नुसता बघत. मागची सगळी तुंबली.

"ह्याचं नाव काय, आजी?"

"आजपर्यंत नव्हतं," कोंडाबाई म्हणाली. "आता कारकून."

बिरदेव तोंड फिरवून हसला. वीरप्पानं निमूटपणे रेघ ओढली. रेघा एकशे सतरा भरल्या. एकही मेंढरू म्हातारीनं लपवलं नाही.

ही गोष्ट माळावर पसरली. मग प्रत्येक वाड्यावर "नारळवाले सायब आले" म्हणून लोक वाटच बघत. वाडे निघाले त्रेचाळीस. नारळाचे झाले पाच रुपये सहा आणे.

आता हे लिहायचे कुठं? शेजारच्या टेबलावरच्या मल्लिकार्जुनानं सल्ला दिला, "शाईत घाल की."

"पाच रुपयांची जादा शाई? मी काय तळं भरत होतो?"

"मग भाड्यात घाल."

खोटं लिहिणं वीरप्पाला जमत नव्हतं. दोन दिवस तो नीट जेवला नाही. शेवटी त्यानं पुरवणी मागणी लिहिली: 'नारळ नग त्रेचाळीस, मेंढ्यांना दृष्ट लागू नये म्हणून.' साहेबांनी ती दोनदा वाचली, चष्मा पुसला, आणि तशीच वर पाठवली.

महिन्याभरानं वरून शेरा आला. नारळ फोडल्यावर खोबऱ्याचं काय झालं, ते कळवावं.

वीरप्पानं खरंखरं कळवलं. निम्मं वाडेवाल्यांनी ठेवलं, निम्मं गणती करणाऱ्यांनी खाल्लं. पैकी एक मोठा वाटा खाली सही करणाऱ्यानं. वरून मंजुरी आली, पण खाल्लेल्या खोबऱ्याचा एक रुपया कापून. हातात पडले चार रुपये सहा आणे.

"म्हणजे खोबरं तुम्ही विकतच घेतलंत," शांताक्का म्हणाली. "घरी का न्हाय आणलं?"

पण पुढं वेगळंच झालं. शेजारच्या तालुक्यातले आकडे आले तेव्हा मेंढरं मागच्या खेपेच्या निम्मीच निघाली. धनगरांनी कळप रातोरात लांब नेले होते. गणती पुन्हा करायची ठरली आणि ती वीरप्पाकडं सोपवली गेली. या वेळी त्यानं दोनशे नारळ अंदाजपत्रकात आधीच धरले, आणि कुणीही हरकत घेतली नाही. पोती भरून गाडी निघाली तेव्हा साहेब स्वतः पायरीपर्यंत आले होते.

ती गणती पुढं नऊ दिवसांत चोख पार पडली. पण पहिल्या सकाळी पहिल्या वाड्यावर वीरप्पानं मोठ्या ऐटीत पोत्याचं तोंड सोडलं, तर हरिबा नावाचा म्हातारा धनगर पोत्यात डोकावून म्हणाला, "सायब, हे कशाला आणलं? आमच्याकडं नारळ चालत न्हाय. आमी लिंबू उतरवतो."

 वीरप्पा पोत्यावर खाली बसला आणि हसायला लागला, इतका की गाडीवानाला वाटलं, साहेबांना काहीतरी झालं. डोळे पुसून तो उठला.

"गाडी वळव," तो गाडीवानाला म्हणाला. "बाजारात लिंबं काय भावानं हायत, बघू."