गुराबेवरच्या कप्पीला शेंदूर कशाला?

मी एक जुनी कप्पी आहे, मित्रांनो. दोर ज्याच्यावरून सरकतो ते खाचेचे चाक आणि त्या चाकाला धरून ठेवणारे लाकडी अंग, याला कप्पी म्हणतात. बस, एवढेच. देवी नव्हे. हे आधीच सांगून ठेवते, कारण शहराच्या कडेला, मुकुंदवाडीच्या पलीकडे आमच्या वस्तीत तुम्ही कोणालाही विचारा, तो तुम्हाला माझ्यापुढे आणून उभे करील आणि म्हणेल, "ही चाकाई. लई जागृत हाय." मग तुमच्या हातात नारळ येईल. तो माझ्या डोक्याशी फुटेल आणि चिकट पाणी माझ्या अंगावरून ओघळेल. कित्येक वर्षे मी हे सोसले. मोठ्या माणसांना सांगायची सोय नाही, ती लगेच हात जोडतात. म्हणून तुम्हाला सांगते.

माझा जन्म समुद्रकाठचा. कोकणात एका खाडीवर गोदी होती, तिथे लढाईची लाकडी जहाजे बांधत. त्यांतल्या एका गुराबेसाठी सुताराने मला घडवले. अंग सागाचे, चाक खैराचे, मधला कणा लोखंडी. गुराब म्हणजे आरमारातले थोरले जहाज. आमच्या गुराबेला दोन डोलकाठ्या होत्या, नाळ, म्हणजे जहाजाचे पुढचे टोक, लांब आणि निमुळती होती, आणि नाळेवर तोफा मांडलेल्या होत्या. आता तुम्ही म्हणाल, तोफा असताना कप्पीला कोण विचारतो? सगळे असेच म्हणतात, म्हणूनच माझे डोके फिरते! तोफ घटकाभर गरजते आणि गप्प बसते. जहाज चालते ते शिडावर. शीड बांधलेले असते परबाणाला, म्हणजे डोलकाठीवर आडव्या टांगलेल्या लांबलचक वाशाला. तो वासा वर चढवायचा तर दोर लागतो, आणि दोर फिरायला मी लागते. मी नसते तर ती गुराब म्हणजे पाण्यावर तरंगणारे सरपण होते.

जहाजावर शब्द चाले तो तांडेलाचा. तांडेल हा खलाशांचा मुकादम. तो "हबेस!" असे ओरडला की सगळे खलाशी एका दमात दोर ओढत आणि परबाण वर चढे. "आरिया!" म्हणाला की दोर सोडायचा, पण हात न सोडता, हळूहळू. आमच्या गुराबेवर कोळी होते, भंडारी होते, मुसलमान होते, घाटावरचेही होते. प्रत्येकाची बोली निराळी, भांडणेही निराळी. हे दोन शब्द मात्र सगळ्यांचे होते. ते कानावर पडले की भांडणारेसुद्धा एकाच दोराला लागत.

आमचा तांडेल तोंडाचा फटकळ होता, पण माझे चाक कोरडे राहिलेले त्याला खपत नसे. रोज सकाळी माझ्या कण्याला माशाचे तेल मिळे. एकदा एका खलाशाने कंटाळा केला आणि तसाच जेवायला बसला. तांडेलाने त्याचे ताट उचलून बाजूला ठेवले. "आधी तिला, मग तुला," म्हणाला. त्या खलाशाचे नाव धोंडिबा. तो आपल्याच भागातला धनगर. मेंढरे चारायला घाट उतरून कोकणात गेला, तिथे मेंढरे रोगाने मेली, आणि रिकाम्या हाताने घरी परतायची लाज वाटली म्हणून जहाजावर चढला. तांडेलाचे ते वाक्य त्याने जन्मभर लक्षात ठेवले.

एकदा टोपीकर गोऱ्यांच्या जहाजाचा गोळा आमच्या डोलकाठीला लागला आणि काठी तडकली. शीड वाऱ्याने तट्ट भरलेले होते. ते त्या क्षणी उतरले नसते तर काठी मोडून गुराब माणसांसकट आडवी झाली असती. तांडेल ओरडला, "आरिया!" मी अडले नाही. कुरकुरलेसुद्धा नाही. शीड सरसर खाली आले आणि जहाज वाचले. दोरावर धोंडिबा होता, त्याचे तळहात सोलून निघाले होते. तशाच हाताने त्याने मला थोपटले आणि म्हणाला, "तू व्हतीस म्हणून गं." मित्रांनो, कामाचे कौतुक असे असते. ना हळद, ना कुंकू.

पुढे राज्य गेले, आरमारही गेले. आमची गुराब खाडीच्या चिखलात रुतून पडली. तोफा कोणी नेल्या, लोखंड कोणी नेले, आणि ज्या नाळेने समुद्र फाडला तिची फळी न् फळी चुलीत गेली. धोंडिबाने मला घोंगडीत गुंडाळले आणि घाट चढून घरी आणले. वस्तीच्या विहिरीवर दोन दगडी खांब आणि त्यांवर एक आडवे लाकूड होते, तिथे मला टांगले. समुद्र सुटला याचे वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? पण काम तेच होते. दोर, ओझे आणि दमाची माणसे.

धोंडिबाने शब्दही तेच ठेवले. घागर सोडताना "आरिया", ओढताना "हबेस". त्याच्या घरातल्या बायका तसेच म्हणू लागल्या, मग त्यांच्या लेकी, मग सुना. सोयगावकडून नवी सून आली की आधी तोंडाला पदर लावून हसे. चार दिवसांनी तीही ओरडू लागे. आणि त्या घरात दुसरी एक रीत होती. सकाळी विहिरीवर आले की आधी माझ्या कण्यावर करडईच्या तेलाची धार, मग स्वतःची घागर. आधी तिला, मग तुला. असे घर मिळाले म्हणून मी टिकले.

बहात्तरच्या दुष्काळात आसपासच्या विहिरींचे तळ दिसले, आमची मात्र आटली नाही. ती खोल होती आणि तिला खालून झरा होता. यात माझा काय हात? मी फक्त फिरत होते. दूरदूरची माणसे पाण्याला येत, माझ्या चाकाला दिवसभर उसंत नसे. ते माझे सगळ्यात चांगले दिवस होते. पण दुष्काळ सरला आणि लोकांनी हिशेब असा मांडला की विहीर टिकली ती माझ्यामुळे. काकासाहेब तेव्हा तरणेताठे होते, घरी जमीन मोठी, वस्तीत शब्दाला वजन. त्यांनी हुकूम सोडला, "हिच्यात देव हाय. देवाला वझं ओढायला लावता व्हय? पाप लागंल!" आणि मला खाली उतरवले. विहिरीशेजारी देवळी बांधली, माझा कडीचा भाग सिमेंटमध्ये गाडला, आणि वरून शेंदूर थापला. चाकात शेंदूर, कण्यात शेंदूर, दोराच्या खाचेत शेंदूर. वर आणखी शेंदूर. समुद्राच्या खाऱ्या पाण्याला जे जमले नाही ते भक्तांनी करून दाखवले. माझे चाक बसले.

सांगा बरे, तुमच्या आजोबांचे हातपाय बांधून त्यांना कोपऱ्यात बसवले आणि रोज पाया पडलात, तर ते खूश होतील का?

विहिरीवर माझ्या जागी लोखंडी चाक आले. ते गंजले, मग चोरीला गेले. पुन्हा कोणी आणले नाही, कारण तोवर मोटार बसली होती. शहर वाढत वाढत वस्तीच्या कुंपणाला येऊन टेकले. ज्वारीच्या रानांचे प्लॉट झाले, प्लॉटवर इमारती झाल्या, आणि प्रत्येक इमारतीने जमिनीला आपापले बोअर पाडले. आमच्या विहिरीचा झरा कोणी वरून बुजवला नाही, सगळ्यांनी मिळून खालून पिऊन टाकला. मग पुन्हा दुष्काळाची वर्षे लागली. बोअर फुफाटा ओकू लागले. टँकर येई, विहिरीत पाणी ओती आणि निघून जाई. मग सगळ्या बायका कठड्यावर वाकून, खाली दोर टाकून, हाताने बादल्या ओढत. कठड्याच्या दगडावर दोर घासे, हातांना फोड येत. ओल्या कठड्यावर पाय सरकत. आणि मी, जिचे हे काम, हाताच्या अंतरावर शेंदूर लावून बसलेली! बायका जाताजाता माझ्यापुढे डोके टेकत. "पाणी दे गं चाकाई." अगं बायांनो, मला सोडवा, आत्ता देते! पण देवाचे ऐकतो कोण?

धोंडिबाच्या घरची थोरली तेव्हा राजाबाई होती. तिचा मुलगा मल्हारी, सून दिपाली. एका दुपारी टँकर रिकामा करून गेला आणि कठड्यावर झुंबड उडाली. भरली बादली वर येत असताना राजाबाईचा पाय सरकला आणि ती दोरासकट आत गेली. "मेले गं माय!" एवढाच आवाज वर आला. पाणी कमरेइतकेच होते, म्हणून बुडाली नाही. पण पाय मोडला होता आणि ती वेदनेने ओरडत होती.

मल्हारी दोर धरून खाली उतरला. वरून बाज सोडायची, तिच्यावर आईला बांधायचे आणि वर घ्यायचे असे ठरले. पण बाज कठड्यावरून ओढली तर दगडावर आपटत येणार होती, आणि दोर कापला गेला तर मायलेक दोघेही खाली. शेजारी मोठी इमारत उठत होती, तिथे क्रेन होती. पण गल्ली इतकी अरुंद की ती आत येईना. तिथले कामगार धावत आले. कोणी बिहारचा, कोणी तेलंगणाचा, आणि हे करा, ते करा असा सगळ्या भाषांत एकच गोंधळ.

दिपाली कोणाला काही न विचारता पहार घेऊन माझ्या देवळीत शिरली. काकासाहेब आता म्हातारे झाले होते, ते काठी टेकत आडवे आले.

"देवीला पहार लावती व्हय गं? कोप व्हईल!"

"मग होऊ द्या," दिपाली म्हणाली. "तात्या, सरका. आत्याबाई खाली हायेत."

"अगं, पर देव हाय त्यो!"

"देव हाय ना? मग कामाला येऊ द्या!"

तीन-चार घावांत सिमेंट फुटले. तिने खुरप्याने माझा शेंदूर खरवडला. थरावर थर निघत होते. चाक हलेना. घरातून करडईच्या तेलाची बाटली आली, ती सगळी माझ्यावर रिकामी झाली. दिपालीने दोन्ही हातांनी चाक धरून पिळले, तिच्या बोटांतून रक्त आले, आणि मित्रांनो, मी फिरले! इतक्या वर्षांनी फिरले. जुन्या लाकडावर मला टांगले, कामगारांनी आणलेला नायलॉनचा दोर माझ्यावरून घातला. पण ओढणार कोण, सोडणार कोण? कोणी ओढत होते, कोणी सोडत होते. तेव्हा दिपालीने सवयीने हाक दिली, "आरिया!"

क्रेनवरची माणसे चपापली. दुसऱ्या क्षणी ती एका ओळीत दोराला लागली आणि बाज हळूहळू खाली उतरली. ही गलबतावरची बोली त्यांना कशी कळली? त्यांच्या क्रेनवर आजही हेच दोन शब्द चालतात. ते "हबेस"ला "हापीस" म्हणतात. आमच्या तांडेलाने ऐकले असते तर शिव्या घातल्या असत्या, पण त्या दिवशी मी चालवून घेतले. खाली मल्हारीने आईला बाजेवर बांधले. "हबेस!" दिपाली ओरडली. "हापीस!" ते ओरडले. बिहार आणि तेलंगणा आणि आमची वस्ती एका दमात मागे सरकली, आणि राजाबाई कठड्याला न लागता वर आली. मागून मल्हारी आला.

तुम्हाला वाटेल, आता तरी यांना उमगले असेल. कसले काय! राजाबाई दवाखान्यातून घरी येईतो काकासाहेबांनी वर्गणी गोळा करून नवी देवळी बांधली होती, फरशी बसवलेली. "चमत्कार झाला. चाकाईनं बाई तारली." सिमेंट कालवून तयार होते, शेंदराचा डबाही उघडा होता. मला इतका संताप आला की अंगाला तडा जातो की काय असे वाटले.

तेवढ्यात राजाबाई कुबड्या घेऊन आली. तिने डबा पाहिला, मला पाहिले, आणि अगदी नम्रपणे म्हणाली, "बसवा तात्या, बसवा. पर म्या खाली पडले तवा नवस बोलले हाय."

"काय बोललीस?"

"चाकाईला रोज तेल. कण्यावर. अन् आमच्यात देव पाण्याच्या भेटीला नेत्यात, तुमाला ठावं हाय. तवा टँकर आला की देवी हिरीवर टांगायची, पाणी सरंस्तोर. सिमेंटात बसली तर जाईल कशी? अन् चाकाला शेंदूर लावला तर तेल मुरंल कसं?" मग ती थांबली. "नवस मोडायचा म्हणत असाल तर ऱ्हाऊ द्या."

"मोडायचा कसा? नाय नाय," काकासाहेब म्हणाले, आणि सिमेंट उचलायला सांगितले.

मित्रांनो, विहिरीतला आवाज मी ऐकला होता. त्यात नवसाचे एक अक्षर नव्हते. पण मी कशाला सांगू?

तर आता मी अशी आहे. अंगावर थोडा शेंदूर आहे, तो मी लोकांच्या समाधानासाठी सोसते. चाक मात्र मोकळे आहे. टँकर आला की मला वाजतगाजत विहिरीवर नेतात. मग राजाबाई खुर्ची टाकून बसते आणि अशी "हबेस!" ओरडते की जुना तांडेल आठवावा. माझे तुमच्याकडे एकच मागणे आहे. घरात, शाळेत, गावात जुने काही सापडले तर लगेच हात जोडू नका. आधी विचारा, हे काय काम करत होते? अजून करील का? करत असेल तर त्याला करू द्या. आमचा मान त्यातच आहे.

काल दिपालीने सासूच्या मोडल्या पायाला चोळायला तेल कोमट करून आणले. राजाबाईने वाटी हातात घेतली, कुबडीवर रेटून उठली आणि माझ्याकडे आली.

"अवं आत्याबाई, पाय सुजलाय, आधी बसा तरी!" दिपाली ओरडली.

"आधी तिला," राजाबाई म्हणाली, आणि माझ्या कण्यावर धार धरली. "मग मला."