बारामतीचा कागद

लासुर्ण्याच्या डॉक्टर उत्कर्षा मॅडमच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर रेश्मा बसायची. बारामतीला मोठ्या डॉक्टरांकडं धाडलेल्या पेशंटांची वही तिच्याकडं. नियम एकच होता: तिकडचा तपासणीचा कागद हातात आल्याशिवाय नावापुढं टिक करायची नाही. पण कागद कोण मेलं वेळेवर आणून देतंय! मग ती फोन करायची, "जाऊन आलात का?" विचारायची आणि हो म्हटलं की टिक. वही कशी भराभर मोकळी व्हायची. आता वही मोकळी झाली म्हणजे पेशंट बरा झाला का? पण हे तेव्हा कुणाच्या डोक्यात येतंय!

त्या सोमवारी सकाळी हिंदुरावतात्या दारात आले आणि रेश्मा खुर्चीतून उठलीच. म्हाताऱ्याचा गाल सुजलेला, तोंडाला पंचा धरलेला, शब्द नीट उमटत नव्हता. जिभेवरचा फोड बरा होईना म्हणून दोन महिन्यांपूर्वी मॅडमनी त्यांना बारामतीची चिठ्ठी दिली होती. वहीत त्यांच्या नावापुढं टिक होती, चांगली ठसठशीत.

"काकू, बारामतीचा कागद आणलाय ना?" तिनं त्यांच्या बायकोला, कौसल्याबाईंना, हळूच विचारलं.

"कसला कागद, पोरी? आमी गेलोच न्हाय."

"अहो, फोनवर तुम्हीच म्हणालात ना, जाऊन आलो, काही नाही म्हणाले!"

"ऊस तोडायला टोळी आली हुती. ती माघारी गेली असती तर परत कवा आली असती? म्हटलं, तोड उरकू दे, मग जाऊ. तू रागावशील म्हणून खोटं बोलले बघ. मॅडमला सांगू नको गं."

रेश्मानं वहीतली ती टिक पुन्हा पाहिली. काकूंवर ओरडायचं तरी कशाच्या जोरावर? खोटं त्या बोलल्या होत्या, पण टिक हिची होती.

आत मॅडमनी हिंदुरावांच्या जबड्याखाली बोटं दाबून पाहिली, हाताला टणक गाठ लागली आणि त्यांचा चेहरा उतरला. "रेश्मा, तिकडचा रिपोर्ट दे."

"नाहीये, मॅडम. तात्या गेलेच नाहीत. मी फोनवर ऐकून टिक केली."

मॅडम ओरडल्या असत्या तर परवडलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "गाडी बोलव. आत्ताच्या आत्ता बारामतीला न्यायचंय."

गाडी गेल्यावर रेश्मानं वही उघडली आणि कागद न बघता केलेल्या टिका मोजल्या. एकवीस निघाल्या. पहिलंच नाव झुंबरबाईंचं, छातीत गाठ. तिनं फोन लावला.

"आजी, खरं सांगा, मी रागावणार नाही. तुम्ही बारामतीला गेला होता का?"

"न्हाय गं पोरी," पलीकडून आजी म्हणाल्या, आणि रेश्मानं त्यांच्या नावापुढची टिक खोडली.