बिनजबड्याचा राक्षस

टॅमसला माझ्यापासून मिळणार होता एका हिवाळ्याचा उजेड. तेवढ्यासाठी त्याने मला राक्षस केलं.

मित्रांनो, मी एक जुना मणका आहे, एका मुशीच्या, म्हणजे शार्क माशाच्या, पाठीचा. आमची मुशी होडीहून लांब; पण खायची काय, तर पाण्यातला डोळ्यांना न दिसणारा चारा. तिचा पर आणि शेपटीचं टोक पाण्यावर दिसलं, की ऑर्कनी बेटांवरचे कोळी "सर्प! सर्प!" ओरडत आणि घरी जाऊन त्याची लांबी वाढवत. मला तेव्हा त्याचं कौतुक वाटे.

एका वादळात मुशी खडकावर आपटून मेली. सापडली ती विधवा ओस्लाला. दिव्यापाशी मोजे विणून ओस्ला पोट भरायची. मुशीच्या काळजातल्या तेलावर तिचा अख्खा हिवाळा निघाला असता. बेटाचा रिवाज असा, की वाहून आलेल्या वस्तूवर जो पहिला दगड ठेवील, त्याची ती. ओस्लाने दगड ठेवला आणि सुरी आणायला घरी गेली.

शेजारच्या टॅमसकडे सुरी होतीच. त्याने दगडाला हात लावला नाही. रिवाज मोडणारा माणूस नव्हता तो. फक्त जबडा कल्ल्यांसकट कापून लाटेत ढकलला. उरलं एवढंसं डोकं आणि लांबलचक मान, हुबेहूब कोळ्यांचा सर्प.

"धावा रे! बघा वहिनींनी काय धरलंय!"

गाव जमलं. ओस्ला धापा टाकत आली.

"अहो भाऊजी, मुशी आहे ती. मघाशी तोंड होतं तिला!"

"मग काय, तोंड चालत गेलं? वहिनी, हा समुद्राच्या घरचा जीव. ठेवून घ्याल, तर बदल्यात समुद्र आमच्यातला एक नेईल."

"माझा तर नेलाच आहे त्याने."

"म्हणून तर तुला भीती नाही!" एक म्हातारी फणकारली.

ओस्लाने आपल्याच हाताने मुशीवरचा दगड उचलला. राक्षसाला खोल पाण्यात सोडून येतो म्हणत टॅमसने मुशी होडीला बांधली. लोकांनी त्याची पाठ थोपटली. खाडीपलीकडे त्याने तिचं पोट फाडलं, काळीज काढलं. मी पाठीतून सुटून वाहत ओस्लाच्या दाराशी लागलो. तिने माझ्यावर दिवा ठेवला. रिकामा.

तेल नाही म्हणून विणकाम नाही, विणकाम नाही म्हणून पीठ नाही. बर्फ वितळायच्या आत ओस्ला गेली.

"मणका ठेवून घेतला ना, समुद्राने वसूल केलं," गाव म्हणालं. टॅमसने तिच्या उशाशी दिवा लावला, तेल अगदी काठोकाठ. त्याचा वास मी ओळखला.

मित्रांनो, कुणी राक्षस दाखवला, तर त्याचं तोंड कुठे गेलं ते आधी विचारा. काळीज गेलं मुशीचं, जीव गेला ओस्लाचा. नाव लागलं समुद्राचं. त्याने त्या हिवाळ्यात बेटावरचं एक माणूसही नेलं नव्हतं.