वासाचं वेळापत्रक

तीन आठवड्यांत त्रेसष्ट तक्रारी आल्या होत्या, आणि त्रेसष्टच्या त्रेसष्ट एकाच सोसायटीतून. शिरवणे गावाला लागून, कारखान्यांच्या पट्ट्याच्या अलीकडे उभ्या असलेल्या ‘शुभंकर’ सोसायटीतून. सडक्या अंड्यांचा आणि त्यात कांदा कुजल्यासारखा वास येतो, डोकं धरतं, मुलं उलट्या करतात, असं प्रत्येकाने लिहिलेलं. प्रदूषण नियंत्रणाच्या कार्यालयात क्षेत्र अधिकारी म्हणून नुकतीच रुजू झालेली संघमित्रा खिल्लारे तिथे तीनदा जाऊन आली होती. तिन्ही वेळा हवा स्वच्छ. गॅस मोजायच्या यंत्रावर शून्य.

“मॅडम, वासाला तुमच्या येण्याची आगाऊ खबर लागते वाटतं,” तिसऱ्या खेपेला सोसायटीचे सेक्रेटरी अरविंद फणसे म्हणाले. फणसे मूळचे राजापूरचे. विमा कंपनीतून निवृत्त झालेला, टोकाचं बोलणारा आणि कागद नीट ठेवणारा माणूस. “समोर रंगाचा कारखाना दिसतोय ना? त्याच्या धुराड्यातूनच येतो. सील ठोका, विषय संपला.”

“काका, पुरावा नसताना सील ठोकलं, तर तो कोर्टात जाऊन आठ दिवसांत उघडेल,” संघमित्रा म्हणाली. “मला एक मदत करा. वास आला की प्रत्येकाने ग्रुपवर फक्त तीन गोष्टी टाकायच्या. किती वाजता आला, कितव्या मजल्यावर आला, घरात नेमका कुठे आला. शिव्या घालायच्या नाहीत.”

“शिव्या नाहीत म्हणजे लोकांना जड जाणार,” फणसे म्हणाले. पण त्यांनी काम मनावर घेतलं.

रविवारपासून नोंदी यायला लागल्या. संघमित्रा घणसोलीला भाड्याच्या खोलीत राहायची. चहाचा कप हातात घेऊन ती त्या नोंदी वहीत उतरवून काढायची. दोन दिवसांतच एक गोष्ट तिला खटकली. वास तळमजल्यावर सगळ्यात जास्त होता. सातव्या मजल्यावर जवळजवळ नव्हताच. आणि घरात कुठे, तर बाथरूममध्ये, मोरीपाशी. धुराड्यातला वास वरच्या मजल्यांना सोडून तळमजल्याच्या मोरीत कसा शिरेल? धागा हाताला लागला होता! पण वेळांचं कोडं सुटेना. रविवारी दीड, सोमवारी सव्वादोन, मंगळवारी तीन, बुधवारी पावणेचार, गुरुवारी साडेचार. वास रोज पाऊण तास उशिरा यायचा. कुठल्या कारखान्याची पाळी अशी रोज सरकते? शुक्रवारी वास जेमतेम आला आणि शनिवारी आलाच नाही.

पुढच्या रविवारी सकाळी सोसायटीच्या फाटकापाशी मीटिंग भरली. लोक खुशीत होते.

“घाबरला कारखानेवाला!” फणसे म्हणाले. “परवा जेमतेम आला, काल तर वास बंदच.”

संघमित्राने मात्र वहीतल्या वेळा मोठ्याने वाचून दाखवल्या. कुणाला काही सुचतंय का, म्हणून विचारलं.

फाटकाच्या बाहेर गोजरा म्हात्रे सुकट विकायला बसली होती. शिरवण्याचीच, सत्तरीतली बाई. तिचं तरुणपण मिठागरात गेलेलं. वासाच्या पहिल्या तक्रारीत फणशांनी तिच्या टोपलीचंही नाव घातलं होतं, हे तिला ठाऊक होतं. ती कमरेवर हात ठेवून उठली.

“बाय, त्या येला परत वाच.”

संघमित्राने परत वाचल्या. गोजरा बोटांच्या पेरांवर मोजत गेली. “बीजेला दीड, तिजेला सवादोन, चवतीला तीन… अगो, ही तं भरतीची येल हाय!”

संघमित्राने वहीवरून मान वर केली.

“आमी मिठागरात पानी घ्यायचो ते हेच येलेला. रोज पाऊन तास पुढं. काल अष्टमी, म्हंजे भांगाची बारकी भरती. भांगाला पानी वर चडतच नाय, म्हनून वास नाय. तो कारखानेवाला कुनाला घाबरत नाय, आनि माझी सुकट पन वास मारत नाय!” शेवटचं वाक्य तिने फणशांकडे बघून म्हटलं.

संघमित्राने सोसायटीच्या मागच्या भिंतीकडे पाहिलं. कारखान्यांकडून येणारं पावसाळी गटार सोसायटीच्या मागून जाऊन खाडीला मिळत होतं. भरतीचं पाणी गटाराचं तोंड बुजवणार, आत कोंडलेला गॅस मागे रेटला जाणार आणि मिळेल त्या फटीतून वर येणार. म्हणजे वासाचं मूळ जमिनीखाली!

“आजी, आता परत कधी येईल?”

“उधान जवल आलं की पानी चडंल. बारसीला वास येनार. बुधवारी, सकाली नवाच्या सुमाराला.”

“लिहून घ्या,” फणसे पुटपुटले. “नाही आला तर मग बोलू.”

बुधवारी साडेआठलाच सोसायटीच्या मागच्या भिंतीशी तीस-चाळीस माणसं जमली. ऑफिसला निघालेले लोक बॅगा खांद्याला लावून थांबले होते. संघमित्राने महापालिकेच्या अभियंत्याला, विश्वजितला, बोलावून घेतलं होतं. ती गटाराच्या जाळीवर यंत्र धरून उकिडवी बसली. शून्य. पावणेनऊ, शून्य. नऊ वाजले तरी शून्यच. फणशांनी घड्याळाकडे बघून घसा खाकरला. गोजराने खाडीच्या दिशेला एकदा पाहिलं आणि म्हणाली, “जरा दम धरा. पानी काय तुमच्या घड्यालावर चालतं?”

नऊ वाजून सहा मिनिटांनी यंत्राने टिक केलं. दोन. मग पाच. मग एकदम एकोणीस, आणि यंत्र किंचाळायला लागलं.

“आला!” संघमित्रा ओरडली. “आला, आला!”

आणि खरंच आला. तसाच, मळमळवणारा, घशाशी बसणारा. लोकांनी नाकाला रुमाल लावले, पण रुमालाआड सगळे हसत होते. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. नको असलेल्या पाहुण्याचं इतकं जंगी स्वागत त्या सोसायटीत पहिल्यांदाच झालं असेल.

“चला!” संघमित्रा म्हणाली. “भरती आहे तोवर माग काढायचा.”

विश्वजितच्या माणसांनी पहारीने चेंबरची झाकणं उचलायला सुरुवात केली. संघमित्रा दोरीला बांधलेलं यंत्र आत सोडायची, आकडा ओरडून सांगायची, आणि फणसे तो कागदावर टिपायचे. पहिल्या चेंबरला एकोणीस, दुसऱ्याला चोवीस, चौथ्याला एकतीस. रंगाच्या कारखान्याचं फाटक आलं आणि मागे पडलं. आकडा वाढतच होता. फणसे त्या फाटकासमोर क्षणभर थबकले.

“अरेच्चा,” ते म्हणाले. “म्हणजे हा नाही?”

“नाही काका. चला, चला!”

ते पुढे निघाले. अंगातला सफारी घामाने भिजला होता, पण ते कुणाला पुढे जाऊ देत नव्हते. आठव्या चेंबरला आकडा अठ्ठावन्न. दहाव्याला एकदम तीन!

“थांबा!” संघमित्रा जागच्या जागी उडालीच. “मधला उघडा. नववा!”

नवव्याच्या झाकणाभोवती ताज्या सिमेंटचा लेप होता. विश्वजितने तो फोडला, झाकण सरकवलं आणि बॅटरीचा झोत आत टाकला. गटाराच्या भिंतीला भोक पाडून एक काळा प्लास्टिकचा पाइप आत घुसवलेला होता. त्यातून तपकिरी, फेसाळ पाणी संथपणे गळत होतं. पाइप येत होता शेजारच्या कुंपणापलीकडून, औषधांचा कच्चा माल बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यातून.

त्या कारखान्याचा व्यवस्थापक निखिल नावाचा, पस्तिशीतला. माणसांचा घोळका बघून तो बाहेर आला. “आमचं सगळं सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या लाइनला जातं, मॅडम. पेपर्स आहेत.”

“मग काहीच टेन्शन नाही,” संघमित्रा म्हणाली. “तुमच्या टाकीत हा हिरवा रंग टाकते. लाइनला जात असेल, तर इथे काही दिसणार नाही.”

आता नाही म्हणायची सोय नव्हती. तिने रंग टाकला आणि धावत चेंबरवर परत आली. सगळी डोकी त्या भोकावर झुकली. एक मिनिट गेलं. दोन गेली. चौथ्या मिनिटाला पाइपाच्या तोंडाशी एक हिरवा थेंब जमला, मग बारीक धार, आणि मग पोपटी पाणी भळाभळा कोसळायला लागलं.

“हिरवं!” फणसे इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या टपरीवरचे लोक धावत आले.

निखिलने कपाळावरचा घाम पुसला. “लाइन चोक झाली होती,” तो हळूच म्हणाला. “दोन महिन्यांपुरतंच म्हणून वरून सांगितलं होतं. मला माहीत होतं हे चूक आहे. पाणी पडतं कुठे, ते मात्र मी कधी येऊन पाहिलं नाही.”

“तिथे लहान मुलं राहतात,” संघमित्रा एवढंच म्हणाली आणि तिने पंचनाम्याचा कागद पुढे केला.

त्याच दुपारी पाइप बुजवला गेला, दुसऱ्या दिवशी कारखाना बंद ठेवायचा आदेश निघाला. पुढच्या आठवड्यात विश्वजितच्या गाडीने अख्खं गटार धुऊन काढलं आणि सोसायटीच्या मोऱ्यांचे फुटके जोड बदलून घेतले. तरी संघमित्राने तक्रारी बंद केल्या नाहीत. तिला मोठ्या उधाणात खात्री करायची होती. “अवसेला बाराच्या पुढं ये,” गोजराने तिला सांगून ठेवलं होतं.

अमावास्येला भर दुपारी मागच्या भिंतीशी पुन्हा सोसायटी लोटली. या वेळी शिरवणे गावातलेही लोक आले होते. त्यांच्याही घरांत तो वास तितकेच दिवस शिरत होता, पण तक्रार कुठे करायची हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. खाडीचं पाणी गटारात चढल्याचा बुडबुड आवाज यायला लागला. संघमित्राने यंत्र जाळीवर धरलं. साडेबारा, शून्य. एक वाजला. शून्य.

“यंत्र बिघडलं नसेल ना?” फणशांनी विचारलं. उत्तराची वाट न बघता त्यांनी चष्मा काढून शेजाऱ्याच्या हातात दिला, इस्त्रीच्या शर्टासकट जमिनीवर पालथे पडले, आणि जाळीला नाक लावून चांगला लांब श्वास घेतला.

शेजारी चष्मा सांभाळत त्यांच्यावर वाकला.

“काही नाही!” फणसे पडल्या पडल्याच ओरडले. “अहो, काहीसुद्धा नाही!”

मग जो गलका झाला त्यात संघमित्राला फोनवर आपला आवाज कार्यालयापर्यंत पोचवायला तीनदा ओरडावं लागलं. “त्रेसष्ट! हो, त्रेसष्टच्या त्रेसष्ट बंद करा!” एका हाताने कान झाकून ती सांगत होती, आणि दुसरीकडे गोजरा फणशांच्या शर्टावरची धूळ पदराने फटाफट झटकत होती.